लघवी अडली आणि पंतप्रधानपद सुटले: हॅरोल्ड मॅकमिलन यांचे आयुष्य आणि प्रोस्टेटचा आजार

तुमच्या घरातले बाबा किंवा आजोबा हल्ली रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतात का? कर्जतहून मुंबईला जायचे असले की सकाळपासून चहा-पाणी बंद करतात का? लोकलमध्ये शौचालय नसते आणि सीएसएमटीपर्यंत दोन तासांहून जास्त वेळ लागतो, म्हणून ते लग्नकार्याला जाणेही टाळतात का? विचारले तर बहुतेक वेळा वय झाले, चालायचेच, असे उत्तर मिळते आणि विषय तिथेच संपतो.

प्रोस्टेट वाढण्याचा आजार साठीनंतर अगदी घरोघरी दिसतो, पण पुरुष त्याबद्दल बोलत नाहीत. म्हणून आज एका अशा माणसाची गोष्ट सांगतो, ज्याचा हा आजार साऱ्या जगाला कळला. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरोल्ड मॅकमिलन. एका रात्री त्यांची लघवी अडली आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर ते आणखी तेवीस वर्षे जगले. त्यांच्या आयुष्यातून तुम्हाला आणि तुमच्या कुटुंबाला शिकण्यासारखे बरेच आहे.

पुस्तकवाल्यांच्या घरातला मुलगा

मॅकमिलन हे नाव तुम्ही कदाचित शाळेच्या पुस्तकावर वाचले असेल. त्याच प्रकाशन संस्थेच्या घराण्यात हॅरोल्ड यांचा जन्म १० फेब्रुवारी १८९४ रोजी लंडनमध्ये झाला. त्यांचे आजोबा डॅनियल यांनी भावाबरोबर १८४३ मध्ये ही संस्था सुरू केली होती.

ऑक्सफर्डमध्ये शिक्षण चालू असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि हॅरोल्ड सैन्यात गेले. ते अनेकदा जखमी झाले. सप्टेंबर १९१६ मध्ये, सोमच्या लढाईत, कमरेच्या हाडांत गोळ्यांचे तुकडे घुसले. एका खड्ड्यात ते कित्येक तास पडून होते, आणि खिशातले ग्रीक नाटकाचे पुस्तक वाचत त्यांनी वेळ काढला. पुढची दोनेक वर्षे दवाखाने आणि शस्त्रक्रिया यांतच गेली. पाय किंचित ओढत चालण्याची सवय त्यांना जन्मभर राहिली.

हे सांगण्याचे कारण असे की, हा माणूस दुखण्याला सहज घाबरणारा नव्हता. तरीही लघवी अडल्यावर तो हादरला. तुमच्या घरातले खंबीर बाबा या आजारात एकदम खचलेले दिसले, तर त्यात नवल नाही. हे दुखणेच तसे आहे.

सत्तेच्या शिखरावर, आणि आत वाढणारी ग्रंथी

१९२४ मध्ये मॅकमिलन खासदार झाले. १९५१ नंतर गृहबांधणी मंत्री असताना वर्षाला तीन लाख घरे बांधण्याचे अवघड उद्दिष्ट त्यांनी पूर्ण केले. जानेवारी १९५७ मध्ये ते पंतप्रधान झाले, तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ते भारतात आले. पदावर असताना स्वतंत्र भारताला भेट देणारे ते पहिले ब्रिटिश पंतप्रधान.

याच वयात बहुतेक पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढत असते. ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि तिच्या मधून लघवीची नळी जाते. तरुणपणी ती साधारण अक्रोडाएवढी, वीस ग्रॅमच्या आसपास असते. वय वाढते तशी ती आतल्या बाजूने वाढते आणि नळी दाबली जाते. भाताच्या खाचरात पाणी सोडणारा पाट मधेच चेपला गेला तर काय होईल, तसेच हे आहे. धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, शेवटी थेंब थेंब गळते, पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही. मूत्राशयाला जास्त जोर लावावा लागतो, त्यामुळे तो चिडचिडा होतो आणि रात्री पुन्हा पुन्हा उठवतो.

साठीतल्या साधारण निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत ही वाढ सापडते आणि वयाबरोबर हे प्रमाण चढत जाते. पण ग्रंथी मोठी म्हणजे त्रास मोठा, असे गणित नसते. काहींची ग्रंथी मोठी असूनही त्रास नसतो, तर काहींना थोड्याशा वाढीनेही खूप त्रास होतो. म्हणून सोनोग्राफीच्या रिपोर्टवरचा ग्रॅमचा आकडा पाहून घाबरू नका. त्रास किती आहे, मूत्राशयात लघवी किती उरते आणि किडनीवर ताण आहे का, हे जास्त महत्त्वाचे.

ऑक्टोबर १९६३ ची ती रात्र

१९६३ चे वर्ष मॅकमिलन यांना फार जड गेले. एका मंत्र्याच्या प्रकरणावरून सरकारची बदनामी झाली होती. पक्षातले काही जण त्यांनी जावे म्हणत होते, काही जण राहावे म्हणत होते. बरीच घालमेल झाल्यावर, ७ ऑक्टोबरच्या सुमारास, त्यांनी राहण्याचे आणि पुढची निवडणूक लढवण्याचे मनाशी ठरवले.

त्याच रात्री त्यांची लघवी पूर्ण अडली. प्रचंड कळा सुरू झाल्या. नेहमीचे डॉक्टर नेमके सुट्टीवर बाहेरगावी होते. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावले गेले आणि त्यांनी तात्पुरता आराम दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी, ८ ऑक्टोबरला, मॅकमिलन वेदना होत असतानाच मंत्रिमंडळाच्या बैठकीला बसले. संध्याकाळी त्यांना लंडनच्या किंग एडवर्ड सातवे रुग्णालयात हलवले.

याला आपण लघवी तुंबणे म्हणतो. मूत्राशय भरलेला असतो, लघवीची तीव्र भावना असते, पण थेंबही येत नाही. अशा वेळी घरी काय करायचे आणि काय नाही, ते लक्षात ठेवा.

- पाणी पाजत बसू नका. भरलेला मूत्राशय आणखी ताणला जातो.
- सकाळपर्यंत थांबू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी जवळच्या रुग्णालयात न्या. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. मूत्राशयात नळी घालण्यासाठी मोठ्या शहरात जावेच लागते असे नाही. नळी गेली की काही मिनिटांत आराम पडतो. पुढचे उपचार नंतर शांतपणे ठरवता येतात.
- पावसाळ्यात वाडी-वस्तीवरून यायला वेळ लागत असेल, तर आधी फोन करून निघा आणि वाट पाहण्यात वेळ घालवू नका.
- रुग्ण कोणती औषधे घेतो त्याची चिठ्ठी किंवा रिकामी पाकिटे बरोबर घ्या.

ज्यांची ग्रंथी वाढलेली आहे, त्यांची लघवी काही कारणांनी एकाएकी तुंबू शकते. सर्दीच्या काही गोळ्या, खाज किंवा ॲलर्जीसाठीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, दारू, बद्धकोष्ठता, लघवी फार वेळ धरून ठेवणे, दुसऱ्या कुठल्या तरी ऑपरेशनची भूल, ही त्यातली नेहमीची कारणे. म्हणून सर्दी झाली तरी दुकानातून परस्पर गोळी घेण्याआधी प्रोस्टेटचा त्रास आहे हे सांगा.

घाईत घेतलेला निर्णय

१० ऑक्टोबरला मूत्ररोगतज्ज्ञ ॲलेक बेडेनॉक यांनी मॅकमिलन यांच्यावर शस्त्रक्रिया केली. त्याच दिवशी ब्लॅकपूल येथे त्यांच्या पक्षाचे अधिवेशन चालू होते. तिथे परराष्ट्रमंत्री लॉर्ड होम यांनी मॅकमिलन यांचा संदेश वाचून दाखवला. प्रकृतीमुळे आपण पुढची निवडणूक लढवू शकणार नाही, असा त्याचा आशय होता. १८ ऑक्टोबरला राणी एलिझाबेथ स्वतः रुग्णालयात आल्या आणि मॅकमिलन यांनी रुग्णालयातूनच राजीनामा दिला. त्यांच्या जागी होम पंतप्रधान झाले आणि वर्षभराने, ऑक्टोबर १९६४ मध्ये, त्यांचा पक्ष अगदी थोडक्यात हरला.

ही गाठ कॅन्सरची असावी अशी धास्ती मॅकमिलन यांनी घेतली होती, असे अनेक वर्षे सांगितले जाते. काही चरित्रकारांना ते पटत नाही. त्यांच्या मते ते थकले होते आणि आजाराने त्यांना बाहेर पडण्याची वाट मिळाली. दोन्हींपैकी काहीही असो, दोन गोष्टी पक्क्या आहेत. काढलेली गाठ साधी निघाली, त्यात कॅन्सर नव्हता. आणि आपण पद सोडण्याची घाई केली, अशी खंत त्यांना पुढे वाटत राहिली.

इथे थोडे थांबा आणि आपल्या घरातला विचार करा. लघवी तुंबली, नळी लागली, लघवीची पिशवी कमरेला आली, की माणसाला वाटते आता सगळे संपले. शेत मुलाच्या नावावर करून टाकू, दुकान बंद करू, गावी जाऊन पडू. हे निर्णय त्या आठवड्यात घेऊ नका. वेदना, जागरण आणि लाज यांत माणूस स्वतःची तब्येत असते त्याहून वाईट समजतो. नळी निघू द्या, रिपोर्ट येऊ द्या, पंधरा दिवस नीट झोप होऊ द्या. मग बोला.

दुसरा नेता, तोच आजार

याच सुमारास फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांनाही हाच त्रास झाला. मार्च १९६४ मध्ये ते मेक्सिकोच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा त्यांना लघवीची नळी लावलेली होती. लोकांना त्याचा पत्ता नव्हता. परत आल्यावर एप्रिलमध्ये पॅरिसच्या कोशँ रुग्णालयात त्यांची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी ते त्र्याहत्तर वर्षांचे होते, म्हणजे मॅकमिलन यांच्याहून मोठे. त्याच वर्षी शरद ऋतूत त्यांनी दक्षिण अमेरिकेचा लांबलचक दौरा केला, १९६५ मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि १९६९ पर्यंत पदावर राहिले.

नळी घेऊन परदेशी दौरे करा, असे मला सुचवायचे नाही. आजार एकच, वय जवळपास तेच, शस्त्रक्रियेचे वर्षही जवळपास तेच. फरक होता तो आजाराकडे पाहण्यात.

साधी वाढ आणि कॅन्सर: गोंधळ नको

प्रोस्टेटची साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि तिचा पुढे कॅन्सर होत नाही. मात्र एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, कारण दोन्ही उतारवयातच होतात. म्हणून डॉक्टर बोटाने तपासणी करतात आणि रक्ताची पीएसए तपासणी सुचवतात.

पीएसए वाढले म्हणजे कॅन्सरच, असे समजू नका. साध्या वाढीने, लघवीतल्या जंतुसंसर्गाने, लघवी तुंबल्याने किंवा नुकतीच नळी घातल्यानेही ते वाढते. त्यामुळे तुंबल्याच्या त्याच आठवड्यात केलेल्या पीएसएवर घाबरून जाऊ नका. काही आठवड्यांनी ती तपासणी पुन्हा करता येते. उलट, फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेणाऱ्यांचे पीएसए साधारण निम्मे होते. त्यामुळे ही गोळी चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

आणखी एक. साध्या वाढीसाठीच्या ऑपरेशनात ग्रंथीचा फक्त आतला, अडथळा करणारा भाग काढतात. बाहेरचा भाग राहतो. म्हणून ऑपरेशन झाले तरी पुढे डॉक्टरांकडे जाणे थांबवू नका.

मॅकमिलन यांच्या वेळी काय होते, आज काय आहे

मॅकमिलन जन्मले तेव्हा या आजारावर खात्रीचे ऑपरेशन नव्हते. अनेक म्हातारे रोज नळी घालून दिवस काढत आणि जंतुसंसर्गाने दगावत. पीटर फ्रेयर या आयरिश सर्जनने वीसेक वर्षे भारतातल्या वैद्यकीय सेवेत काम केले होते. त्यांनी लंडनला परतल्यावर, १९०१ मध्ये, मूत्राशय उघडून ग्रंथीचा वाढलेला भाग काढण्याच्या ऑपरेशनचे आपले पहिले रुग्ण प्रसिद्ध केले. १९४५ मध्ये टेरेन्स मिलिन यांनी मूत्राशय न उघडता ते करण्याची पद्धत मांडली. प्रतिजैविके आणि रक्तपेढ्या आल्या, तसा धोका आणखी कमी झाला. पण १९६३ मध्ये प्रोस्टेटसाठी उपयोगी गोळ्या नव्हत्या. लघवी तुंबली की पुढची पायरी बहुधा ऑपरेशनच असे.

आज तुमच्यासमोर जास्त वाटा आहेत.

त्रास कमी असेल तर नुसती देखरेखही पुरते. संध्याकाळनंतर पाणी आणि चहा कमी करा, पण दिवसभराचे पाणी तोडू नका. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका.

त्रास मध्यम असेल तर गोळ्या. टॅमसुलोसिनसारखी गोळी मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते. काही दिवसांतच फरक कळतो. सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना आधी खाटेवर बसा आणि मग उभे राहा. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचे आधीच सांगा. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड या गोळ्या ग्रंथीचा आकार कमी करतात. त्यांना सहा महिने द्यावे लागतात. महिनाभरात फरक नाही म्हणून त्या सोडू नका.

लघवी तुंबून नळी लागली असेल, तर बहुधा टॅमसुलोसिनसारखी गोळी सुरू करून काही दिवसांनी नळी काढून पाहतात. अनेकांना पुन्हा स्वतःहून लघवी होते. नळी लागली म्हणजे ऑपरेशन ठरलेच, असे नाही.

वारंवार तुंबत असेल, मूत्राशयात खडा झाला असेल, किडनीवर परिणाम होत असेल, पुन्हा पुन्हा रक्त किंवा जंतुसंसर्ग होत असेल, किंवा गोळ्यांनी भागत नसेल, तर ऑपरेशन. आज ते बहुतेक वेळा पोटावर चीर न देता, लघवीच्या मार्गातून दुर्बिणीने किंवा लेझरने होते. मूत्ररोगतज्ज्ञासाठी कर्जत-खालापूरच्या रुग्णांना बहुधा पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबई गाठावी लागते. निघण्यापूर्वी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आणि ते ऑपरेशन बसते का, याची चौकशी करा.

ऑपरेशननंतर काय अपेक्षा ठेवायची

मॅकमिलन बरे झाले. १९६४ मध्ये त्यांनी खासदारकी सोडली आणि ते घरच्या प्रकाशन संस्थेत परत गेले. आपल्या आठवणींचे सहा खंड त्यांनी लिहिले. पहिला १९६६ मध्ये आला, शेवटचा १९७३ मध्ये. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे कुलपतिपद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. नव्वदीत त्यांना उमराव पद मिळाले आणि १९८४ मध्ये ते संसदेच्या वरिष्ठ सभागृहात भाषणाला उभे राहिले. २९ डिसेंबर १९८६ रोजी, ब्याण्णवव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर त्यांनी पंतप्रधानपदाच्या कारकिर्दीच्या तिपटीहून जास्त काळ काढला.

प्रत्येकाला तेवीस वर्षे मिळतील असे कोणी सांगू शकत नाही. पण ऑपरेशननंतर काय होते, ते आधी माहीत असले की धास्ती कमी होते.

- धार बहुतेकांची लगेच सुधारते. घाई होणे, थोडी जळजळ, अधूनमधून लालसर लघवी हे काही आठवडे चालू शकते.
- रात्रीचे उठणे कमी होते, पण पूर्ण थांबेलच असे नाही. त्यामागे मधुमेह, पायांवरची सूज, हृदयाचा त्रास किंवा थकलेला मूत्राशयही असू शकतो.
- वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाणे हा बऱ्याच जणांना होणारा परिणाम आहे. त्याने अपाय होत नाही. ताठरता बहुतेकांची पूर्वीसारखीच राहते. हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारा, लाजू नका. पत्नी बरोबर असेल तर आणखी चांगले.
- लघवीवरचा ताबा कायमचा जाणे क्वचितच घडते.
- काही वर्षांनी काहींची ग्रंथी पुन्हा वाढते आणि पुन्हा उपचार लागतात.
- मूत्राशय फार वर्षे ताणलेला राहिला असेल, तर अडथळा काढूनही त्याची ताकद पूर्ण परत येत नाही. म्हणून तुंबेपर्यंत थांबणे महागात पडते.

हे दिसले तर वाट पाहू नका

लघवी पूर्ण बंद होणे, थंडी वाजून ताप येणे, लघवीतून रक्त किंवा रक्ताच्या गाठी पडणे, झोपेत नकळत कपडे ओले होणे, विनाकारण वजन घटणे किंवा पाठीचे हाड सतत दुखणे. यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना लगेच भेटा. झोपेत कपडे ओले होणे म्हणजे म्हातारपण, असे समजू नका. तो काठोकाठ भरलेला मूत्राशय उतू जाण्याचा प्रकार असू शकतो. तो बऱ्याचदा दुखत नाही, पण किडनीला इजा करतो.

घरच्यांनी एक काम करावे. पुढच्या वेळी बाबा लोकलने जायला नको म्हणाले, तर त्यांच्यावर आळशीपणाचा शिक्का मारू नका. एकांतात विचारा, लघवीचा त्रास होतो का? बरेच पुरुष कोणीतरी हे विचारण्याची वाटच पाहत असतात. आणि बाबा, तुम्ही स्वतः हे वाचत असाल, तर तीन दिवस एका वहीत लिहा: किती वाजता, किती वेळा, रात्री किती वेळा. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा बंद करणे हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.